चोवीस कामट्या

दिवाळी अंकासाठी दिवाळीवर लिहायचे म्हणजे श्रावणात लिहायला बसावे लागते. संपादकांचा निरोप आला त्या दिवशी बाहेर झड लागली होती. घरात दोरीवर तीन दिवसांचे कपडे वाळत होते, म्हणजे खरे सांगायचे तर वाळत नव्हते. आणि निरोप असा की, 'या खेपेला सदरात घरगुती सजावटीविषयी काहीतरी खुसखुशीत येऊ द्या.' खुसखुशीतपणा हा चकलीचा गुण. तो आमच्या लिखाणात कितपत उतरतो हे वाचक जाणतातच. शिवाय यंदाची दिवाळी अजून यायची आहे. तेव्हा माझ्याजवळ आहे ती गेल्या वर्षीची दिवाळी, आणि सजावट म्हणाल तर एक आकाशकंदील. तोच वाचकांपुढे ठेवतो.

कोथरूडच्या आमच्या इमारतीत बावीस बिऱ्हाडे आहेत. त्यांपैकी एकवीस गॅलऱ्यांत दिवाळीला बाजारचे कंदील लागतात. मध्यंतरी थर्माकोलचे दिवस होते. 2018 साली राज्यात त्या सजावटीवर बंदी आली आणि मग कागदाचे, कापडाचे, घडी घालून पिशवीतून आणता येतील असे कंदील आले. बाविसाव्या गॅलरीत मात्र दर वर्षी घरी केलेला कंदील असतो. ती गॅलरी आमची. जिन्यात कोणी भेटले की विचारी, "काय सर, यंदाही घरीच का?" आणि मी "हो, घरीच," असे अशा काही विनयाने म्हणे की, ऐकणाऱ्याने तो विनय कारागिराचा समजावा.

आता खोटे कशाला बोलू? वयाच्या सातव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत या कंदिलातले माझे काम एकच होते : खळ ढवळणे. तेवढे मात्र मला उत्तम येते. मैदा आधी गार पाण्यात कालवून घ्यावा, एकही गुठळी राहू देऊ नये, मग मंद आचेवर ठेवून ढवळत राहावे. पांढरा रंग जाऊन तो काचेसारखा दिसू लागला की उतरवावे. त्यात चिमूटभर मोरचूद घालावा, म्हणजे झुरळे कागद खात नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याला घरात दुसरे काम नसे आणि ते आईच्या भांड्यांपासून दूर, न्हाणीघराच्या कोनाड्यात पालथे असे. मी बी.ए. झालो, एम.ए. झालो, कॉलेजात मराठी शिकवू लागलो, तरी दिवाळीच्या आदल्या रविवारी माझी जागा त्या पातेल्यापाशीच.

बाकीचे सारे अण्णा करीत. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. आम्ही पेठेतल्या वाड्यात राहत होतो तेव्हा ते बुरूड आळीतून एक हिरवा बांबू खांद्यावर घेऊन येत, चौकात बसून कोयत्याने तो चिरीत आणि कामट्या सुरीने अशा तासून काढीत की त्यावरून बोट फिरवले तर कूस लागू नये. त्या वेळी ते बोलत नसत. एरवीही ते फार बोलणारे नव्हतेच, पण कंदील करताना त्यांच्या तोंडून तीनच शब्द निघत : 'धर', 'ओढ' आणि 'सोड'. पुढे मी वर्गात क्रियापदाचे अर्थ शिकवू लागलो, तेव्हा आज्ञार्थाला मला या तिघांहून चांगली उदाहरणे कधी सुचली नाहीत. पण का धरायचे, कुठवर ओढायचे, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. अण्णा करतात आणि कंदील होतो. त्यात विचारण्यासारखे काय आहे, अशीच माझी समजूत होती.

1998 साली आम्ही या इमारतीत राहायला आलो. त्या वर्षी अण्णांनी नवा सांगाडा बांधला, आणि पुढे दर वर्षी तोच. तुळशीचे लग्न झाले की कागद फाडून काढायचा, सांगाडा जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. पुढल्या दिवाळीला कागद तेवढा नवा. अशी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. कंदिलात आधी झिरोचा दिवा असे (साठचा लावू म्हटले तर अण्णा नुसते बघत, कारण एका वर्षी त्याने कागद करपला होता). पुढे तापत नाही तो नवा दिवा आला. दिवे बदलले, सांगाडा तोच राहिला.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही घराला रंग काढला. त्या आठवड्यात अण्णा सांगलीला आत्याकडे गेले होते. रंगारी म्हणाला, माळा रिकामा करा. भंगारवाला दारात उभा होता. मोडकी छत्री गेली, पितळी नळ गेले, कन्येची तीन चाकांची सायकल गेली, आणि त्यांबरोबर एक धोतराचे गाठोडेही गेले. वाचकांना वाटेल, गडबडीत गेले असेल. तसे सांगता आले असते तर मलाही बरे वाटले असते. पण मी गाठोडे सोडून पाहिले होते. सांगाडा मी ओळखला. एका बाजूला तो वाकला होता, दोन गाठी सुटल्या होत्या. मनात म्हटले, जुना झाला, अण्णा नवा करतील, त्यांना काय अवघड आहे! आणि दिला.

जुलैमध्ये अण्णांना पक्षाघाताचा झटका आला.

त्या पंधरवड्याविषयी मी लिहीत नाही. घरी आणले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय निकामी झाले होते. पुढे पायात थोडी ताकद आली, हातात नाही. आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितले, "त्यांना कळतं सगळं. शब्द सापडत नाहीत. कधी कधी एखादाच शब्द मागे राहतो आणि प्रत्येक वेळी तोच येतो." हे वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. पॉल ब्रोका यांनी 1861 साली पॅरिसमध्ये ज्या रुग्णावरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवून दिली, त्याला 'टॅन' एवढाच एक उच्चार येत असे. आमच्या अण्णांच्या वाट्याला दोन शब्द आले : 'असू दे'.

चहा हवा का? असू दे. पंखा लावू? असू दे. पाय दुखतो आहे? असू दे. कधी त्याचा अर्थ 'हो', कधी 'नको', कधी 'मला एकट्याला बसू द्या'. सौ. सुरावरून ओळखायला शिकली. कन्या आठवीत आहे, तिला तर पहिल्या आठवड्यातच ते साधले. मला मात्र साधेना. एका वाक्याचे चार अर्थ निघतात हे विद्यार्थ्यांना शिकवून ज्याचे पोट भरते, त्याच्यावर ही पाळी यावी याचे सौ.ला हसूही येई आणि वाईटही वाटे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी डावा हात उचलून माळ्याकडे बोट दाखवले. मी उगाच म्हटले, "पंखा?" बोट खाली आले नाही. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने एकदा माळ्याकडे पाहिले आणि एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा आत गेली. तिला ठाऊक होते.

"अण्णा, तो... मोडला होता. मेमध्ये दिला टाकून."

अण्णांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. मग हात मांडीवर ठेवला. 'असू दे'सुद्धा म्हणाले नाहीत.

त्या रात्री मला झोप आली नाही. कंदिलावाचून दिवाळी करता आली असती. झटक्याचे घर आहे, बाजारचा लावला असता तरी कोणी काही म्हटले नसते. जागाच होतो, म्हणून व्यवसायाला साजेसे विचार करीत पडलो. 'आकाशकंदील' हा शब्दच मोठा गमतीचा. अर्धा संस्कृत, अर्धा अरबी. अरबीत तो 'किंदील', आणि तिथे तो आला ग्रीकांमार्फत लॅटिन 'कँडेला'पासून. म्हणजे इंग्रजांची 'कँडल' ही आमच्या कंदिलाची चुलत बहीण. आपला जुना शब्द आकाशदीप. कार्तिकात उंच काठीवर लावायचा दिवा. दिवाळीच्या अमावास्येला पितरांना वाट दिसावी म्हणून उल्कादान करीत, तेही याच कुळातले. एवढे सगळे मला ठाऊक होते. कामटी कामटीला कशी बांधतात, तेवढे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या शनिवारी बुरूड आळीत गेलो. मी लहानपणी पाहिली होती तेवढी दुकाने आता नाहीत, पण जी आहेत तिथे सुपे, टोपल्या, शिड्या आजही मिळतात. दुकानदाराने विचारले, "कामट्या कशाला पाहिजेत?" कंदिलाला म्हटल्यावर त्याने विचारले, "किती?" मी म्हटले, "एका कंदिलाला लागतील तेवढ्या." त्याने माझ्याकडे पाहिले ते पाहणे मी विसरलो नाही. मापही मला सांगता आले नाही. शेवटी त्याने आपल्या मनाने एक जुडी बांधून दिली. बोहरी आळीतून पतंगी कागद घेतले, लाल, पिवळे आणि हिरवे, आणि दोऱ्याचे एक रीळ.

रविवारी बैठक मांडली. कन्येने मोबाइलवर एक चित्रफीत काढून दिली. त्यातला तरुण मोठा हसतमुख होता. दर दोन वाक्यांनी तो 'किती सोपं आहे ना!' म्हणे. त्याचा कंदील चांदणीचा होता, आमचा चांदणीचा नव्हता. आमचा कसा होता हे पस्तीसएक वर्षे पाहूनही मला सांगता येईना. चौकोन होते हे नक्की. त्रिकोणही होते. मी कागदावर काढू लागलो. तीन कागद फुकट गेले. संध्याकाळपर्यंत सहा कामट्या मोडल्या, एक बोट कापले, आणि जमिनीवर जे काही उभे राहिले त्याला सौ. म्हणाली, "अहो, उंदराच्या पिंजऱ्यासारखं दिसतंय."

अण्णा खुर्चीतून सारे पाहत होते. सौ.ने त्यांच्यासमोर बशी ठेवली. पहिल्या घाण्याचे शंकरपाळे होते, चवीला म्हणून. अण्णांनी खाल्ले नाहीत. बशी त्यांनी मांडीवर ओढून घेतली आणि डाव्या हाताने, सावकाश, चार शंकरपाळे एका ओळीत लावले. टोकाला टोक. एकाचा उजवा कोन संपतो तिथे दुसऱ्याचा डावा सुरू. हात थरथरत होता. तिसरा दोनदा सरकला, दोनदा त्यांनी तो परत आणला. मग पहिल्या शंकरपाळ्यावर बोट टेकले, शेवटच्यावर टेकले, आणि हवेत एक वळसा काढला.

मी बघत राहिलो. कन्या ओरडली, "बाबा, पट्टा आहे! चार चौकोन टोकावर उभे करायचे, टोकं जोडायची, आणि गोल वळवायचं! हो ना, आजोबा?"

"असू दे," अण्णा म्हणाले. या खेपेला मलाही कळले.

मग त्यांनी पहिल्या शंकरपाळ्याच्या वरच्या टोकापासून दुसऱ्याच्या वरच्या टोकापर्यंत बोट ओढले, तिथून तिसऱ्याच्या आणि चौथ्याच्या. तसेच खालून. चार चौकोनांच्या सोळा कामट्या, वरची टोके जोडायला चार, खालची जोडायला चार. चोवीस. आणि साऱ्या एकाच मापाच्या. माप? अण्णांनी एक कामटी मागितली आणि तिच्यावर डाव्या हाताची वीत ठेवली. घरात कंदिलासाठी कधी टेप निघाली नाही ती का, हे मला त्या दिवशी समजले.

गाठी बांधायला त्यानंतरच्या तीन संध्याकाळी गेल्या. कॉलेजातून आलो की चहा, आणि मग काम. अण्णा डाव्या हाताने सांधा धरीत, मी दोरा गुंडाळी, आणि शेवटचा ओढा ते दाताने देत. मी दिलेला ओढा त्यांना पसंत नसे. दोरा बोटाने टिचकी मारून बघत, आणि बद्द आवाज आला की माझ्याकडे न पाहता दोरा दातात धरीत. बारा सांधे होते. त्यांपैकी नऊ त्यांनी दाताने आवळले. तिघांवर, जेवणाची वेळ झाली म्हणून, माझाच ओढा राहिला. प्रत्येक गाठीवर खळीचे बोट फिरवायचे, म्हणजे ती सरकत नाही. खळ अर्थात मीच केली होती, आणि तिच्यात गुठळी नव्हती हे इथे नमूद करतो.

तिसऱ्या संध्याकाळी सांगाडा पुरा झाला. उचलला, तर काय! हातातल्या हातात तो पिळवटला. सगळे चौकोन चेपून तिरके झाले. सोडला की पुन्हा उघडे, दाबला की पुन्हा मिटे. माझा धीर सुटला. गाठी ढिल्या राहिल्या असे समजून मी कात्री घेतली आणि पहिला सांधा कापायला निघालो. अण्णांनी माझे मनगट धरले. डाव्या हाताला इतकी ताकद असेल असे मला वाटले नव्हते.

"असू दे."

"अण्णा, हा उभा राहणार नाही."

"असू दे!"

मी चिडून कात्री ठेवली. मनात आले, हे काही कंदिलाविषयी बोलत नाहीत. जे तोंडात येते ते म्हणतात. दुसऱ्या दिवशी केवळ त्यांच्या समाधानासाठी कागद चिकटवायला घेतला. बोटभर कागद जास्त ठेवून कापायचा, कामटीवरून आत दुमडायचा. पहिला चौकोन झाला, दुसरा झाला, आणि चौथ्याला कागद लागला तेव्हा सांगाडा हातात ताठ उभा होता. पिळून पाहिला, हलेना. पुढे गणिताच्या एका सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अहो सर, सहा चौकोन आणि आठ त्रिकोण. आर्किमिडीजच्या नावावर ज्या तेरा घनाकृती आहेत त्यांतली एक तुम्ही गॅलरीत टांगता. नुसत्या काड्यांची केलीत तर ती पिळवटणारच. त्रिकोण हलत नाही, चौकोन हलतो. चौकोनाला आतून काहीतरी धरून ठेवावं लागतं." ते काहीतरी म्हणजे पतंगी कागद.

पण हे पुढचे झाले. त्या रात्री आणखी एक संकट होते. माझ्या खळीचा हात जड. कागद भिजून ढिला पडला होता आणि त्याच्यावर आजीच्या हातासारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. लाल रंग माझ्या दहाही बोटांना लागला होता. उद्या वसुबारस, आणि कंदिलाचा हा अवतार. पिवळा कागद काढून टाकू म्हणून मी नखाने त्याची कड उचलली, आणि मग थांबून अण्णांकडे पाहिले. ते पलंगावर टेकले होते. डोळे मिटलेले. न उघडताच म्हणाले, "असू दे."

सकाळी सहाला उठून आधी गॅलरीत गेलो. कागद वाळला होता आणि डफाच्या कातड्यासारखा ताणला होता. सुरकुती औषधाला नव्हती. टिचकी मारली तर वाजला.

करंज्या आणि झिरमिळ्या कन्येने कातरल्या, शेपट्या सौ.ने लावल्या. माझी आई असती तर 'शेपट्या आखूड झाल्या' असे म्हणाली असती, आणि त्या झाल्याच होत्या. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सौ.ने दक्षिणेकडे ज्योत करून यमदीप लावला, आणि त्यानंतर मी खुर्चीवर चढून कंदील टांगला. तो किंचित डावीकडे कलला होता. खालून शेजाऱ्यांनी हाक मारली, "वा सर! यंदाही घरीच?"

"अण्णांनी केला," मी म्हटले.

अण्णा गॅलरीच्या दारात खुर्चीत बसले होते. अंगावर शाल होती, चेहऱ्यावर लाल-पिवळा उजेड. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ वर पाहत होते. मग कलला होता त्या बाजूला बोट केले. मी पुन्हा खुर्चीवर चढलो.

तुळशीच्या लग्नानंतर कागद मी काढला. सांगाडा गुंडाळायला धोतर नव्हते (तेही गाठोड्याबरोबर गेले), म्हणून सौ.ने जुनी चादर दिली. माळ्यावर ठेवताना कन्येने तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे : 'आजोबांचा कंदील. बाबा, टाकू नका.'

अण्णांचे बरे चालले आहे. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. वाचा शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा येतात, चित्रांचे पत्ते दाखवतात. 'पाणी' आता येते, 'दार' येते. कन्येचे नाव पहिल्यांदा आले त्या दिवशी सौ.ने शिरा केला. माझे अजून आले नाही. बाई म्हणतात, येईल.

परवा, संपादकांना होकार कळवल्यावर, म्हटले जरा सांगाडा पाहावा. पावसाळी हवेत त्याचे काय झाले असेल कोणास ठाऊक. काढून अण्णांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डाव्या हाताने फिरवला, एकेक सांधा दाबून पाहिला, टिचक्या मारल्या. तीन ठिकाणी थांबले. तिन्ही गाठी ढिल्या झाल्या होत्या. कोणाच्या, ते मला विचारावे लागले नाही. मग त्यांनी हात पुढे केला, आणि मी दोरा आणायला उठलो.